नदीचे तास वाचवू नका : तांबोपाताविषयी वाचकांचे प्रश्न

दोन अंकांपूर्वी मी इथे पेरूमधल्या तांबोपाता नदीबद्दल लिहिलं होतं. पुएर्तो माल्दोनादो या गावाहून होडीने वर जात वर्षावनातल्या एका लॉजपर्यंत पोचण्याची ती हकिगत होती. त्यानंतर आलेली पत्रं आता माझ्यासमोर आहेत. खोली, मच्छरदाणी, जेवण यांबद्दल बहुतेकांनी सविस्तर विचारलंय. होडीबद्दल मात्र एकच ओळ लिहिलीय : तो प्रवास कमीत कमी कसा करता येईल? मी या नदीवर तीनदा गेले आहे. दोनदा यजमानांबरोबर, आणि एकदा गुडघे दुखणाऱ्या थोरल्या जाऊबाईंना घेऊन. बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे जंगलात गेले की माझे डोळे आधी झाडांवर जातात. पण या जंगलाची खरी ओळख मला होडीत बसून झाली. म्हणून पत्रांना उत्तरं देताना मी पुन्हा पुन्हा होडीकडेच वळणार आहे.

आम्ही नवरा-बायको 71 आणि 66 वर्षांचे आहोत. माझे गुडघे कमकुवत आहेत. तीन-चार तास होडीत बसणं झेपेल का?

बसणं झेपेल. चढणं-उतरणं कठीण जाईल, तेव्हा तयारी त्याची करा.

वाट अशी आहे. कुस्को समुद्रसपाटीपासून साधारण 3,400 मीटर उंचीवर आहे. तिथून विमान सुटतं आणि तासाभराच्या आत तुम्ही पुएर्तो माल्दोनादोला, जेमतेम 200 मीटरवर उतरता. दार उघडलं की ओलसर गरम हवा अंगावर येते. कुस्कोत ज्यांना धाप लागत होती त्यांना इथे एकदम मोकळं वाटतं. लॉजची माणसं आधी गावातल्या आपल्या कचेरीत नेतात. मोठ्या बॅगा तिथे ठेवायच्या आणि तीन-चार दिवसांपुरतं सामान एका मऊ पिशवीत भरायचं. मग लाल मातीच्या रस्त्याने गाडी इन्फिएर्नो नावाच्या वस्तीच्या बंदरापर्यंत जाते. बंदर म्हणजे धक्का वगैरे काही नाही. नदीचा उंच मातीचा काठ असतो, त्यात फळ्या ठोकून केलेल्या पायऱ्या असतात आणि खाली चिखलाला नाळ टेकवून उभी असलेली होडी. काठावरून होडीत जायला एक फळी टाकलेली असते.

या पायऱ्यांची संख्या नदी ठरवते. पावसाच्या महिन्यांत पाणी वर आलेलं असतं, त्यामुळे थोडंच उतरावं लागतं. कोरड्या महिन्यांत नदी कित्येक मीटर खाली जाते आणि तितक्या पायऱ्या वाढतात. लॉजच्या बाजूलाही हेच, फक्त तिथे चढायचं असतं. आम्ही उतरलो त्या काठाला जुलैमध्ये मी एकाहत्तर पायऱ्या मोजल्या होत्या. जाऊबाई त्या वीस मिनिटांत चढल्या, तीनदा बसून. कुणीही घाई केली नाही.

त्यांच्या अनुभवातून शिकलेल्या गोष्टी सांगते. गुडघ्यांचा त्रास आहे हे बुकिंग करतानाच लॉजला लिहून कळवा. मग काठावर हात द्यायला एक माणूस जास्तीचा येतो. चढण्या-उतरण्याच्या वेळी तुमच्या हातात पिशवी, बाटली, कॅमेरा काहीही नको. दोन्ही हात मोकळे हवेत. सामान आधी होडीत जाऊ द्या आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी जा, म्हणजे मागून कुणाची रेटारेटी होत नाही. उतरताना उलट, सगळे उतरून होडी स्थिर झाली की मग उठा. दुमडून ठेवता येणारी काठी न्या. आणि फळी ओली असली तर आडवं पाऊल टाका.

होडी लांब, अरुंद असते. वर छप्पर, बाजू उघड्या, दोन्ही कडांना ओळीने बैठका. पाय पुढे पसरता येतात. इंजिन मागे असतं, त्यामुळे शेवटच्या बैठकांवर आवाजाने डोकं उठतं. अगदी पुढे बसलात तर तुषार उडतात. मधली जागा तुम्हाला बरी. पण नावाड्याने वजन सारखं करण्यासाठी दुसरीकडे बसायला सांगितलं तर न बोलता तिकडे जा, त्यात वाद घालू नका. सगळ्यांच्या अंगावर तरंगजाकीट असतं. ते उकडतं म्हणून सोडून ठेवू नका, बंद नीट लावा.

आमच्याकडे चार रात्री आहेत. जवळचं लॉज घ्यावं की दूरचं? एजंट म्हणतो, जवळचं घ्या, "वेळ वाया जात नाही".

एजंटचं हे वाक्य मला पटत नाही. मात्र जवळच्या लॉजला मी नावं ठेवणार नाही.

इन्फिएर्नोपासून पाऊण तास ते तासाभराच्या होडीवर काही लॉज आहेत. त्यांतलं पोसादा आमासोनास मला आवडतं ते वेगळ्या कारणाने. 1996 साली इन्फिएर्नोच्या लोकांनी एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. नफ्यातले 60 टक्के गावाला, आणि कारभारात गावाचा वाटा. त्या वस्तीत एसे एहा हे मूळचे लोक राहतात, नदीकाठची जुनी मिश्र कुटुंबं राहतात, अँडीज पर्वतातून खाली आलेलीही राहतात. तुम्हाला होडीत घेणारा माणूस ज्या गावचा आहे त्याच गावात तुमचे पैसे जाणार, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण नदीवर जसजसं वर जावं तसं जंगल बदलतं. खालच्या भागात काठावर पपई, केळी, गुरांसाठी मोकळी केलेली कुरणं दिसतात. मग वनरक्षकांची चौकी लागते. तिथे नावं आणि पासपोर्टचे आकडे नोंदवून तांबोपाता राष्ट्रीय राखीव क्षेत्रात शिरायचं. हे क्षेत्र 2000 साली झालं, सुमारे 2 लाख 75 हजार हेक्टरचं. त्याच्याही पलीकडे बाहुआहा-सोनेने हे राष्ट्रीय उद्यान आहे, 1996 पासूनचं. बाहुआहा हे तांबोपाता नदीचं एसे एहा लोकांच्या भाषेतलं नाव आणि सोनेने हे हीथ नदीचं. सगळ्यांत वरच्या लॉजला पोचेपर्यंत सहा-सात तास नदीवर जातात. शेवटच्या दोन-तीन तासांत काठावर एकही घर दिसत नाही. तिथे होडीच्या आवाजाला प्राणी कमी बुजतात, कारण त्यांना माणसाकडून त्रास झालेला नाही.

चार रात्री हातात असतील तर पहिली रात्र जवळ किंवा मधल्या टप्प्यावर काढा आणि उरलेल्या वर काढा. तीनच रात्री असत्या तर मी जवळचंच सुचवलं असतं. दूर जाऊन एका दिवसात परत फिरणं म्हणजे देवळापर्यंत जाऊन दर्शन न घेता माघारी येणं.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. होडीत इतके तास तो काय करणार? फोन चालतो का?

इन्फिएर्नो मागे पडलं की फोनला फारसा अर्थ राहत नाही. त्याला एक दुर्बीण घेऊन द्या, आणि ती त्याची स्वतःचीच असू द्या. घरात चौघांत एक दुर्बीण नेली की प्रत्येक पक्षी तिघांचा चुकतो.

त्याला एक काम सांगा : मीठ शोधायचं. हे जंगल समुद्रापासून फार लांब आहे. पॅसिफिक जवळ दिसतो, पण मध्ये अँडीजची भिंत उभी आहे. पाऊस येतो तो अटलांटिककडून, अख्खं खंड ओलांडून, आणि वाऱ्याबरोबर आलेलं मीठ वाटेतच पडून गेलेलं असतं. त्यामुळे इथल्या झाडपाल्यात सोडियम फार कमी आहे. एवढं एक कारण समजलं की नदीवरच्या किती तरी गोष्टींचा उलगडा होतो.

उन्हात पाण्यातल्या ओंडक्यावर कासवं ओळीने बसलेली दिसतील. त्यांना तिथे तारिकाया म्हणतात. पिल्लांच्या डोक्यावर पिवळे ठिपके असतात. दुर्बीण लावून डोळ्यांकडे पाहायला सांगा. नारिंगी फुलपाखरं कासवांच्या डोळ्यांवर बसलेली असतात आणि अश्रू पीत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी यजमानांचा हात घट्ट धरला होता, बोलता आलं नाही. कासव मान आत ओढतं, फुलपाखरं उडतात, मान बाहेर आली की परत येऊन बसतात. कासवाच्या अश्रूंत मीठ असतं, ते फुलपाखरांना हवं असतं. मग लॉजवर वाळत घातलेल्या घामट शर्टावर लहान मधमाश्या का जमतात, हे तुमचा मुलगा तुम्हालाच समजावून सांगेल.

मकाव पोपटही त्यासाठीच येतात. नदीच्या काठावर जिथे माती उघडी पडलेली असते, तिथे पहाटे शेकडो पोपट उतरतात आणि ती माती खातात. आपल्याकडे वनखात्याची माणसं जनावरांच्या अशा जागेला चाटण म्हणतात, तिथे कोल्पा म्हणतात. डोनाल्ड ब्राइटस्मिथ हे पक्ष्यांचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबोपाताच्या कोल्पांवर अनेक वर्षं काम केलं. पक्षी निवडून जी माती खातात तिच्यात सोडियम जास्त असतं, असं त्यांना दिसलं. आधी हिरवे लहान पोपट येतात, मग मोठे : निळे-पिवळे, तांबडे, लाल-हिरवे मकाव. ते बराच वेळ झाडांच्या शेंड्यांवर बसून अंदाज घेतात. एक उतरला की मागोमाग सगळे, आणि तो मातीचा कडा बघता बघता रंगांनी भरून जातो. मोठा ससाणा दिसला की एका क्षणात पुन्हा रिकामा. पावसाच्या सकाळी ते येत नाहीत. म्हणून कोल्पासाठी एकच सकाळ ठेवू नका, दोन ठेवा.

बाकी काठावर कॅपिबारा, म्हणजे उंदरांच्या कुळातले डुकराएवढे प्राणी दिसतात, वाळूवर पडलेले केमन, म्हणजे तिथल्या मगरी दिसतात, आणि कोरड्या दिवसांत नशीब असेल तर जग्वार. चौदा वर्षांच्या मुलाला खिडकीजवळची जागा द्या. तिथे काच नसते, हा त्या होडीतला सगळ्यांत मोठा आनंद आहे.

कोणत्या महिन्यात जावं? नदीला पूर आला किंवा पाणी आटलं तर होडी जाते का?

मे ते ऑक्टोबर कोरडे महिने, नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे. दोन्हींत होडी जाते. अडचणी मात्र वेगळ्या असतात.

पावसात नदी दाट चहाच्या रंगाची होते आणि वरून अख्खी झाडं मुळांसकट वाहत येतात. तेव्हा होडी वेगाने नेता येत नाही. फार लाकूड आलं तर काठाला थांबावं लागतं. अंधारात तर अशा नदीवर कुणी शहाणा नावाडी जात नाही. कोरड्या दिवसांत पाणी इतकं उथळ होतं की वाळूचे पट्टे जिथे तिथे वर येतात. तेव्हा सगळी भिस्त होडीच्या पुढच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसावर असते. त्याला पुंतेरो म्हणतात. त्याच्या हातात तांगाना म्हणजे लांब बांबूसारखी काठी असते. ती तो पाण्यात टोचतो, तळ किती खाली आहे ते हाताने ओळखतो आणि मागे इंजिनावर बसलेल्या मोतोरिस्ताला बोटांनी खुणा करतो : डावीकडे, हळू, इंजिन वर उचल. गेल्या आठवड्यातली वाट या आठवड्यात नसते, कारण वाळू सरकते. मी त्या माणसाकडे तासन्तास पाहत बसले आहे. माझ्या मते त्या प्रवासातला सगळ्यांत मोठा जाणकार तोच. गाईडला विचारा, पण त्यालाही विचारा.

इथे मला माझा एक वाईट अनुभव सांगायलाच हवा. दुसऱ्या खेपेला आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो. आमचं बुकिंग करणाऱ्या एजन्सीने वरच्या लॉजवरून निघण्याचा आणि पुएर्तो माल्दोनादोहून विमान पकडण्याचा दिवस एकच ठेवला होता. प्रवाहाबरोबर खाली येताना वेळ कमी लागतो, पुरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पहाटे निघालो. दोनदा होडी वाळूत रुतली. दुसऱ्यांदा आम्ही सगळे गुडघाभर पाण्यात उतरलो, पुंतेरो आणि मोतोरिस्ता खांदा लावून ढकलत होते. गावात पोचलो तेव्हा विमान गेलेलं होतं आणि पुढे लिमाहून सुटणारंही गेलं. एजन्सीने दिवसभर फोन उचलला नाही. ती रात्र आणि नवी तिकिटं, दोन्हींचा भुर्दंड आमच्यावर पडला. नदीचा काहीच दोष नव्हता. त्या नदीवर ऑगस्टमध्ये असंच होतं, आणि ज्यांनी आराखडा केला त्यांना ते ठाऊक असायला हवं होतं.

म्हणून वरच्या लॉजवरून उतरल्यावर एक रात्र खालच्या लॉजवर किंवा गावात काढा, आणि विमान दुसऱ्या दिवशीचं घ्या. यावर मी ठाम आहे.

आणखी एक. जून ते ऑगस्टमध्ये कधी कधी दक्षिणेकडून थंड वारा येतो. त्याला फ्रियाहे म्हणतात. दोन-तीन दिवस तापमान 10-12 अंशांपर्यंत उतरू शकतं, आणि चालत्या होडीत वारा बोचतो. वर्षावनात चाललोय म्हणून फक्त सुती कपडे नेलेली माणसं मी ताडपत्री गुंडाळून कुडकुडताना पाहिली आहेत. एक स्वेटर आणि कानटोपी न्या.

होडीत स्वच्छतागृह असतं का? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण एकटी बाई म्हणून मला याचीच काळजी आहे.

संकोच करू नका. हा प्रश्न सहा जणींनी विचारला आहे आणि प्रवासाच्या पुस्तिकांत त्याचं उत्तर सापडत नाही.

होडीत स्वच्छतागृह नसतं. निघण्याआधी लॉजच्या कचेरीत असतं, वनरक्षकांच्या चौकीवर असतं. मधल्या टप्प्यावरच्या एखाद्या लॉजवरही थांबता येतं. "बान्यो, पोर फावोर" एवढं म्हणालं की पुरतं. वाटेत अडचण आली तर गाईडला सांगा, होडी वाळूच्या पट्ट्याला लावतात आणि पुरुषमंडळी पाठ फिरवून नदीकडे तोंड करतात. तिन्ही खेपांना मला यात कधी अवघडल्यासारखं वाटू दिलं गेलं नाही. मोठी सुती ओढणी जवळ ठेवा, ती आडोशाला येते. बसण्याआधी जमीन मात्र नीट पाहा, मुंग्या असतात.

काही जणी जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. असं करू नका. त्या दमटपणात अंगातलं पाणी न कळत जातं आणि संध्याकाळी डोकं भणभणतं. पाळीचे दिवस असतील तर लागेल ते सगळं बरोबर न्या, वर काहीच विकत मिळत नाही. वापरलेलं बंद पिशवीत घालून गावात परत आणा. जंगलातल्या लॉजच्या मैलाटाकीला ते झेपत नाही.

पीतज्वराची लस घ्यावीच लागते का?

घ्या. निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची, कारण तेवढा काळ ती अंगात मुरायला लागतो. सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि पिवळं कार्ड देतात. 2016 पासून ते जन्मभर वैध धरलं जातं. परत येताना भारतात उतरल्यावर ते कार्ड मागतात. नसेल तर काही दिवस विलग ठेवू शकतात. म्हणून कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. ही जिवंत लस आहे. साठीच्या पुढचे, अंड्याची ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, गरोदर स्त्रिया यांनी आधी डॉक्टरांशी नीट बोलावं. पहिल्या प्रश्नातल्या दोघांनी हे विशेष लक्षात घ्यावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपास तर घडणार नाही ना?

नाही. भात, घेवड्याच्या दाण्यांची उसळ, तळलेली केळी, युका नावाचं कंदमूळ, पपई, अंडं चालत असेल तर अंडं. ब्राझील नट तर त्याच जंगलातले, तिथे कास्तान्या म्हणतात. फक्त "मांस नको" एवढंच सांगून भागत नाही, कारण कोंबडी आणि मासा त्या शब्दात येतीलच असं नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा : सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, म्हणजे मांसाशिवाय, कोंबडीशिवाय, माशाशिवाय. होडीतलं जेवण बहुधा पानात बांधलेला भात असतो. पान सोडताना येणारा वाफेचा वास मला अजून आठवतो. त्यात कोंबडी घालायची पद्धत आहे, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

नऊ वर्षांची मुलगी बरोबर आहे. पाण्यात पिरान्हा, मगरी... तिला होडीतून उतरू द्यावं का?

तिला पिरान्हाची गोष्ट कुणीतरी आधीच सांगितलेली असेल. त्याहून कामाची गोष्ट तिला शिकवा. वाळूच्या पट्ट्याजवळ उथळ पाण्यात पाकट माशाच्या जातीचे मासे तळाशी वाळू अंगावर घेऊन पडलेले असतात. त्यांच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतात आणि फार दुखतं. म्हणून पाय उचलून टाकायचा नाही, वाळूवरून घसटत न्यायचा. पाय लागला की मासा आपणच सरकतो. पोहायचं गाईड म्हणेल तिथेच.

जमिनीवरचा नियम आणखी सोपा : कशालाही हात लावायचा नाही. कठड्यावर, खोडावर इसुला नावाची मोठी काळी मुंगी असते. तिचा डंख मोठ्या माणसालाही दिवसभर सोसवत नाही. तांगाराना नावाचं सरळ, सडपातळ झाड असतं, ते आतून पोकळ असतं आणि त्यात मुंग्यांचं घर असतं. खोडाला टिचकी मारली की त्या क्षणात बाहेर येतात. गाईड लांबून दाखवतो. एवढ्याशा मुंग्या एवढं झाड राखतात, हे नऊ वर्षांच्या मुलांना फार आवडतं.

मुलीच्या मापाचं तरंगजाकीट आहे का, हे मात्र बुकिंगच्या वेळी लेखी विचारा. मोठ्यांचं जाकीट तिच्या डोक्यावरून निघून जाईल. तिच्या मापाचं नसेल तर ते लॉज घेऊ नका.

तिथे सोन्याच्या खाणींनी जंगल उद्ध्वस्त होतंय असं वाचलं. अशा ठिकाणी मौजेसाठी जाणं बरोबर आहे का?

हे पत्र मी चार वेळा वाचलं. तुमची काळजी खरी आहे.

पुएर्तो माल्दोनादोला उतरताना खिडकीतून पाहा. हिरव्यागार पसाऱ्यात मध्येच पिवळट, राखाडी खड्ड्यांचे पट्टे दिसतात, त्यांत साचलेलं पाणी. तिथे सोनं नदीच्या गाळात कणाकणाने असतं. गाळ उपसून त्यात पारा मिसळतात, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा तापवतात आणि पारा हवेत जातो. हवेतून, पाण्यातून तो माशांत पोचतो आणि माशांतून माणसांत. 2016 च्या मे महिन्यात सरकारने माद्रे दे दिओस या इथल्याच प्रांतात पाऱ्याच्या प्रदूषणामुळे आणीबाणी जाहीर केली होती. महामार्गालगतच्या ला पाम्पा भागात 2019 च्या फेब्रुवारीत बेकायदा खाणी बंद करायला पोलीस आणि सैन्य घुसलं. तांबोपाताला मिळणाऱ्या मालिनोव्स्की नदीच्या काठावरही खाणकामाने राखीव क्षेत्रात हात घातला आहे.

मी तिसऱ्या खेपेला आमच्या पुंतेरोला गाईडच्या मदतीने विचारलं, तू त्या कामाला का नाही गेलास? तो म्हणाला, गेलो होतो, दोन वर्षं. पैसे इथल्यापेक्षा जास्त मिळत होते. मग मुलगी झाली, आणि बायको म्हणाली, हे पाणी तिला पाजणार का? त्यानंतर तो होडीवर आला. होडीला प्रवासी नसतील त्या महिन्यांत घर कसं चालवायचं, ही चिंता त्याला अजून आहे.

मला त्याच्या उत्तरात तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. जा, आणि जिथे त्या वस्तीतली माणसं काम करतात, जिथे त्यांचा नफ्यात वाटा आहे असं लॉज निवडा. बुकिंग करताना हे विचारा. सांगायला ज्यांना अभिमान वाटतो ते लगेच सांगतात.

होडीवाल्यांना बक्षिसी द्यायची का, आणि कशी?

द्या. वर पैसे काढायची सोय नाही, तेव्हा गावातच सोल, म्हणजे तिथलं चलन, काढून ठेवा, लहान नोटांत. लॉजवर सगळ्यांसाठी एक पेटी असते. पण होडीवरची दोन माणसं कधी कधी तुम्हाला काठावर सोडून लगेच दुसरी होडी घेऊन परत जातात, आणि त्यांच्यापर्यंत ते पोचतं की नाही कळत नाही. म्हणून उतरताना, सामान वर गेल्यावर, मोतोरिस्ताच्या आणि पुंतेरोच्या हातात वेगवेगळं द्या. जाऊबाईंनी शेवटच्या दिवशी पुंतेरोला पैशांबरोबर आपली दुमडायची काठी दिली, त्याच्या आईसाठी. त्याने ती उघडली, सवयीने पाण्यात टोचून पाहिली, आणि मग पुसून नीट मिटवून शर्टाच्या आत ठेवली.